वरातीमागून घोडबंदर

एखादं काम रखडलं की मराठी माणूस विचारतो, घोडं कुठं पेंड खातंय? ठाण्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. घोडं घोडबंदर रोडवर पेंड खातंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. मानपाड्याला की वाघबीळला, एवढंच विचारायचं उरतं.

अरबस्तानातून गलबतांनी आलेले घोडे या खाडीतल्या बंदरात उतरत, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. त्या घोड्यांनंतर या रस्त्यावर वेळेवर काही आल्याचं ऐकिवात नाही. मेट्रो ४ चं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं आणि गायमुखच्या बाजूला पहिली चाचणी गाडी धावली २२ सप्टेंबर २०२५ ला. आता २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हा योगायोग कुणी मुद्दाम जुळवला नसणार, पण घोडबंदरकरांना ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंत किती थांबायचं असतं, याचं माप त्या दिवशी ठरून गेलं.

या रस्त्यावरच्या टॉवरमध्ये राहणारा माणूस वाट पाहण्यात मुरलेला असतो. आधी ताब्याची वाट पाहिली, मग पाण्याच्या टँकरची, आणि अधूनमधून कापूरबावडीच्या सिग्नलची. असा तयार गिऱ्हाईक हिंदुस्थानात दुसरीकडे मिळणं कठीण. पबवाल्यांनी हे हेरलं यात त्यांची काय चूक?

ओवळ्याच्या एका टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर असेच एक गृहस्थ राहतात. सांगलीहून आलेला मेहुणा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून इथंही ते दाजीच. एका शनिवारी संध्याकाळी मेहुण्याला ‘आमच्याकडचं काहीतरी’ दाखवावं म्हणून दाजी त्याला पबमध्ये घेऊन गेले. रिक्षानं गेले, कारण परत येताना गाडी चालवायची नव्हती आणि जातानाही ती चालली नसतीच.

पबचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असे पब इथं बरेच आहेत आणि सगळ्यांची नावं इंग्रजीत अर्धवट सोडलेल्या वाक्यांसारखी असतात. एवढं नक्की की कुठल्याही पबचं नाव किल्ल्यावरून ठेवलेलं नसेल. राज्यानं २०२२ साली दुकानांच्या मराठी पाट्यांबाबतचा कायदा बदलला, तेव्हा जिथं दारू मिळते तिथं थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत, असंही त्यात घातलं. त्यामुळे हाकेच्या अंतरावर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला असूनही घोडबंदरच्या पबला इतिहासाचा आधार नाही. जे काही करायचं ते स्वतःच्या कर्तृत्वावर.

दारात काळ्या टी-शर्टातले दोन धिप्पाड तरुण उभे होते. त्यांनी मेहुण्याला त्याचं वय विचारलं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, हे नियमाला धरून झालं. पण मेहुण्याला सत्तेचाळिसावं लागलंय, आणि डोक्यावरचे केस दुसऱ्यांदा विचार करून परत आलेले नाहीत. तो हरखून गेला. घरी गेल्यावर ताईला सांगतो म्हणाला. त्या संध्याकाळी पबमध्ये कुणीतरी त्याच्याकडे नीट निरखून पाहिल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग होता.

आत गेल्यावर एका मुलीनं टॅबवर बोट फिरवत विचारलं, ‘सर, रिझर्व्हेशन?’ नव्हतं. तिनं चिंताग्रस्त चेहऱ्यानं हॉलकडे पाहिलं. चाळीस टेबलांपैकी तेहतीस रिकामी होती. दहा मिनिटांनी तिनं त्या तेहतीसमधून एक टेबल काढून दिलं. ते स्वच्छतागृहाच्या दाराला लागून होतं.

टेबलावर मेनूकार्ड नव्हतं, एक चौकोनी ठोकळा होता. त्यावर क्यूआर कोड. करोनाच्या काळात हाताला हात लागू नये म्हणून ही पद्धत आली. करोना गेला, कोड राहिला, कारण छापील कार्डाला डाग पडतात आणि दर वाढवले की ते नव्यानं छापावं लागतं. दाजींनी फोन धरला. आत रेंज नव्हती. वायफायचा पासवर्ड वेटरकडे होता. वेटर कुणाकडे होता ते कळत नव्हतं.

इथून पुढचा तास बघण्यासारखा होता. वेटरचं लक्ष वेधून घ्यायच्या मराठी माणसाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिल्यांदा तो नुसता अपेक्षेनं पाहतो. मग भुवया उंचावतो. मग हात अर्धा वर नेतो आणि कुणी पाहिलं नाही असं दिसताच तोच हात केसांवरून फिरवून खाली आणतो. त्यानंतर ‘बॉस’, ‘दादा’, ‘भैया’, ‘एक्सक्यूज मी’ अशा तीन भाषांतल्या हाका होतात. इंग्लंडमध्ये, जिथून पब हा प्रकार आला, तिथं टेबलावर ऑर्डर घ्यायला सहसा कुणी येतच नाही. गिऱ्हाईकानं काउंटरवर जायचं, ग्लास घ्यायचा, तिथंच पैसे द्यायचे. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली ‘वॉचिंग द इंग्लिश’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं की पबच्या काउंटरपाशी इंग्रज लोक रांग लावत नाहीत, पण एक न दिसणारी रांग असते. कोण आधी आलं हे गिऱ्हाइकांनाही माहीत असतं आणि काउंटरमागच्या माणसालाही. नोट हलवणं, नाणं आपटणं, हाका मारणं हे सगळं असभ्य. रिकामा ग्लास किंचित पुढं धरून आशेनं पाहिलं की पुरे.

घोडबंदरलाही न दिसणारी गोष्ट असते. पण ती रांग नसून गिऱ्हाईक असतं.

वेटरच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हा मुलगा कुठून कुठून आलेला असतो: ओडिशा, उत्तराखंड, नेपाळ. त्याला मराठी येत नाही यात त्याचा दोष नाही. हॉल चाळीस टेबलांचा आणि मुलं चार. मालकानं झुंबर इटलीसारखं लावलं, बार काउंटरखाली निळे दिवे बसवले, भिंतीवर खोटी वेल चढवली आणि या खर्चातून उरलेल्या पैशांत माणसं ठेवली. शिवाय ऑर्डरचा प्रवास सरळ नसतो. वेटर कॅप्टनला सांगतो, कॅप्टन मशीनवर टाकतो. खाण्याची चिठ्ठी किचनच्या प्रिंटरवर निघते, तिला केओटी म्हणतात. पिण्याची चिठ्ठी बारच्या प्रिंटरवर निघते, ती बीओटी. दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या तर नशीब. एखाद्या प्रिंटरचा कागद संपला की त्या चिठ्ठीवरचे पदार्थ या जगात जन्मालाच येत नाहीत, आणि ते आले नाहीत हे फक्त भुकेल्या माणसाला ठाऊक असतं.

दाजींची ऑर्डर साधी होती: दोन बिअर, एक चिकन लॉलीपॉप, एक मसाला पापड आणि पाणी. वेटरनं लिहून घेतली नाही. नुसती मान हलवली. या पाठांतराबद्दल मानसशास्त्रात एक प्रसिद्ध गोष्ट आहे. बर्लिनच्या एका कॅफेत कुर्त लेविन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना म्हणे असं दिसलं की वेटरना पैसे न दिलेल्या टेबलाची ऑर्डर खडान्खडा आठवते आणि बिल भागलं की सगळं पुसलं जातं. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झाइगार्निक हिनं यावर प्रयोग केले आणि १९२७ साली निबंध प्रसिद्ध केला. अपुरं राहिलेलं काम मनात टोचत राहतं, असा त्याचा निष्कर्ष. घोडबंदर रोडवर एखादी संध्याकाळ काढायला मिळाली असती तर बाईंना तो निबंध परत लिहावा लागला असता. इथं ऑर्डर बिल भागण्याची वाट पाहत नाही. वेटरनं टेबलाकडे पाठ केली की ती पुसली जाते.

पंचवीस मिनिटांनी वेटर आला आणि म्हणाला, ‘सर, ऑर्डर?’

पुन्हा सांगितली. या वेळी मेहुण्यानं सांगितली, सांगलीच्या आवाजात, त्यामुळे शेजारच्या दोन टेबलांनाही कळली. आधी बिअर आली. चिल्ड नव्हती. फ्रिज आत्ताच भरलाय, असं कारण मिळालं. मग पाण्याची बाटली आली, मागितली नव्हती तरी सीलबंद, आणि ‘नॉर्मल पाणी नाही का?’ असं विचारेपर्यंत वेटरनं तिचं टोपण फिरवलंही होतं. हॉटेलात बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. गिऱ्हाईक तिथं नुसतं पाणी घ्यायला येत नाही, बसायची जागा, माहोल आणि सेवाही उपभोगतं, असा त्यामागचा विचार. दाजींनी सेवा कुठं आहे म्हणून आजूबाजूला पाहिलं.

आणि माहोल? तो कानठळ्या बसवत होता. जॉर्ज ऑर्वेलनं फेब्रुवारी १९४६ मध्ये लंडनच्या एका सांजदैनिकात आपल्या आवडत्या पबचं वर्णन लिहिलं. त्या पबमध्ये रेडिओ नाही, पियानो नाही, निवांत बोलता येतं, आणि काउंटरमागच्या बायका बहुतेक गिऱ्हाइकांना नावानं ओळखतात. लेखाच्या शेवटी त्यानं कबूल केलं की असा पब अस्तित्वातच नाही. बिहारात मोतीहारीला जन्मलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही, आपल्याकडच्या मातीत आदर्श गोष्टी कागदावरच पिकतात. दाजी आणि मेहुणा एकमेकांपासून दीड फुटावर बसून व्हॉट्सअॅपवर बोलत होते. मेहुण्यानं विचारलं, ‘लॉलीपॉप येणार आहे का?’ दाजींनी अंगठा पाठवला. तो आशेचा होता की निरोपाचा, हे मेहुण्याला कळलं नाही.

लॉलीपॉप आला तेव्हा तो एका छोट्या हातगाडीवर होता. हातगाडीला खरी चाकं होती. पाटीवर, कंदिलात, स्कूटरवर आणि बाळाच्या पाळण्यात पदार्थ वाढायची ही पद्धत का निघाली, याचं कारण साधं आहे: फोटो निघतो. ताटलीचा फोटो कुणी काढत नाही. हातगाडी दोन माणसांनी वाहून आणली, तिसऱ्यानं मोबाइलचा प्रकाश पाडला. पाच लॉलीपॉपसाठी तीन माणसं लाभली, आणि इतका वेळ टेबलाला एक मिळत नव्हता. मसाला पापड आला नाही.

मेहुण्याला इथं त्याच्याकडची आठवण झाली. सांगली-कोल्हापूरकडे मटणाच्या ताटाला बसलं की वाटीतला तांबडा रस्सा अर्धा व्हायच्या आत वाढपी मागं उभा असतो. तो नम्र नसतो, हसत नाही, ‘सर’ म्हणत नाही. ‘वाढू का?’ एवढं विचारतो आणि उत्तर यायच्या आधी वाढतो. तुमच्या वाटीवर त्याचा डोळा असतो, इतकंच. ठाण्यातही असं होतं आणि अजून आहे. मामलेदार मिसळीच्या बाकावर अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं, कुणी स्वागत करत नाही, पण तिखट, मध्यम की कमी, हे विचारून मिसळ समोर येते. स्टेशनच्या आसपासच्या जुन्या परमिट रूममध्ये तर नेहमीच्या गिऱ्हाइकानं खुर्ची ओढली की ‘चार नंबरला एक नाइन्टी, शेंगदाणे’ ही आरोळी आधीच सुटलेली असते. गल्ल्यावरचे अण्णा, बहुधा उडपी-मंगळूरकडचे शेट्टी, वर न बघता कोण आलं ते ओळखतात. दिवे अंधुक, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, आणि शेंगदाण्याची बशी रिकामी झाली की न मागता भरलेली. तिथं झुंबर नसतं. गिऱ्हाईक दिसायला झुंबर लागत नाही.

परमिट रूम या शब्दामागंही एक गंमत आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आजही. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि जन्माचा १००० रुपयांना मिळतो. परवान्याच्या नमुन्यात कारणही छापलेलं असतं: आरोग्य टिकवण्यासाठी. म्हणजे कायद्याच्या नजरेनं दाजी आणि मेहुणा त्या संध्याकाळी औषध घ्यायला बसले होते. औषध वेळेवर मिळायला हवं, हा मुद्दा त्यांनी मांडला नाही. मांडला असता तरी डीजेनं ऐकला नसता.

इथं पुण्याचा विषय निघणार हे उघड आहे. गिऱ्हाइकाला तुच्छ लेखण्याचा मान महाराष्ट्रानं पुण्याला बहाल केलेला आहे, आणि चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारी एक ते चारही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा ती बातमी राज्यभर गाजली. एक पर्व संपलं, असं म्हणत अनेकांनी डोळे पुसले. पण पुणेरी दुकानदाराचा अपमान नीट तपासून पाहिला तर त्यात एक मोठी गोष्ट सापडते. ‘चष्मा लावून या, पाटी वाचता येत नाही का?’ असं तो म्हणतो, तेव्हा त्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं. तुम्ही चष्म्याशिवाय आलात हेही त्याच्या लक्षात आलेलं असतं. हाडवैऱ्यालाही एवढं लक्ष मिळत नाही. घोडबंदरच्या पबमध्ये असं कुणी बोलत नाही. ‘येस सर’, ‘शुअर सर’, ‘टू मिनिट्स सर’. एका संध्याकाळी दाजींना एकवीस वेळा सर म्हणण्यात आलं, मेहुण्यानं मोजलं, आणि त्यातलं एकही ‘सर’ त्यांच्याकडे बघून म्हटलेलं नव्हतं.

बिल मात्र मागितल्यावर नव्वद सेकंदांत आलं. या पबमध्ये वेग आहे, तो कुठं साठवून ठेवलेला असतो एवढाच प्रश्न. बिलाची दोन पोटं होती. खाण्यावर ५ टक्के जीएसटी. दारू जीएसटीत येत नाही, म्हणून तिच्यावर राज्याचा व्हॅट. तो २०२३ च्या नोव्हेंबरात ५ वरून १० टक्क्यांवर गेला, मग परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्कही वाढलं, आणि वैतागलेल्या बारमालकांनी १४ जुलै २०२५ ला राज्यभर एक दिवस बार बंद ठेवले. त्यांचं दुखणं खोटं नाही. पण त्या दिवशी घोडबंदर रोडवरच्या काही पबांत काय फरक पडला असेल, हा विचार दाजींच्या मनात येऊन गेला.

आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, सर्व्हिस चार्ज १० टक्के.

दाजींना बसल्या जागी घाम फुटला. ते पेपर वाचणारे गृहस्थ आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलं की हॉटेलांनी बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती आणली. अखेर २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा भुर्दंड लावला. सेवा शुल्क सक्तीचं करता येणार नाही, हे निकालात आलं. संघटना पुढं अपिलात गेल्या ती गोष्ट वेगळी. हे सगळं दाजींनी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर कोट घातलेला, तिशीतला, अतिशय गोड.

‘सर, ते ऑप्शनल आहे.’

‘मग काढा.’

‘सिस्टिममधून निघत नाही सर.’

‘ऑप्शनल आहे म्हणता ना?’

‘हो सर. देणं ऑप्शनल आहे. लावणं ऑटोमॅटिक आहे.’

वेदान्तात असं वाक्य आलं असतं तर त्यावर भाष्यं झाली असती. दाजींनी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मनातल्या मनात डायल केली. ज्या राज्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, जिथं १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करते, तिथला गिऱ्हाईक नमला तर काय राहिलं? एवढ्यात मेहुण्यानं टेबलाखालून पाय मारला. सांगलीचा माणूस व्यवहारी. ‘दाजी, मसाला पापड बिलात लावलाय का बघा.’

लावला होता. १८५ रुपये.

मॅनेजर खरंच ओशाळला. त्यानं वेटरला बोलावलं, वेटरनं कॅप्टनला, कॅप्टन किचनकडे गेला आणि तिथून मोठमोठ्यानं बोलण्याचे आवाज आले. मग तिघंही परत आले. सेवा शुल्क काढलं गेलं, ते कसं निघालं हे सिस्टिमलाच ठाऊक. वर एक ब्राउनी आली, कॉम्प्लिमेंटरी, फुलबाजी लावलेली, आणि स्टाफनं टाळ्या वाजवत ‘हॅपी बर्थडे’ म्हणायला सुरुवात केली. वाढदिवस कुणाचाच नव्हता. माफी मागायची पद्धत माहीत नसली की माणसं हाताशी असलेला समारंभ उरकतात. मेहुण्यानं उठून सगळ्यांशी हात मिळवले.

पापडाचं काय, असं दाजींनी विचारलं. ‘रेडी आहे सर, दोन मिनिट. पण टेबल पुढच्या गेस्टना बुक आहे. पार्सल देऊ?’

उरलेली बत्तीस टेबलं रिकामी होती, ती तशीच होती. दाजी काही बोलायच्या आत चांदीच्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं हातात पडलं आणि दारातल्या धिप्पाड तरुणानं, ज्यानं मघाशी वय विचारलं होतं, ‘सर, गुगलवर फाइव्ह स्टार’ म्हणून हात जोडले.

रिक्षा मिळाली. वाघबीळच्या अलीकडे, मेट्रोच्या दोन खांबांच्या मधोमध, ती थांबली. पुढं कंटेनर बंद पडला होता. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, त्यावरून किती वेळ लागणार ते कळलं. मेहुण्यानं पुडकं मांडीवर ठेवून कागद उलगडला. मसाला पापडाचं पार्सल ही गोष्ट करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पापड पोळीसारखा मऊ पडून चारपदरी घडी झालेला होता आणि कांदा-टोमॅटोचं पाणी कागदाच्या कोपऱ्यात साचलं होतं. मेहुण्यानं एक घडी तोडून तोंडात टाकली, थोडा वेळ चावला आणि उरलेलं दाजींपुढं धरलं.

‘घ्या दाजी. टोमॅटो ताजा आहे.’